गोडवा, कृत्रिम गोडवा आणि कर्करोग
(सुवर्णमहोत्सवानिमित्त अनसिंग येथे दिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



आज घरोघरी एक प्रश्न विचारला जातो : साखर खावी तर मधुमेहाचे भय, आणि चहात साखरेऐवजी गोळी टाकावी तर कर्करोगाचे भय, मग करावे तरी काय? या प्रश्नाचा उलगडा करण्याचा आज प्रयत्न करू.

प्रथम साखरेविषयी. कर्करोगाच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा कितीतरी अधिक ग्लुकोज ओढून घेतात आणि प्राणवायू उपलब्ध असूनही ते आंबवण्याच्या मार्गाने वापरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले. पेट स्कॅन ही तपासणी याच गुणधर्मावर उभी आहे. किरणोत्सारी खूण लावलेले ग्लुकोज शरीरात सोडले की ते जेथे साठते, तेथे गाठीचा संशय घेता येतो. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली ही सोय सुरू झाली.

परंतु या सत्याचा अर्धाच भाग घरी पोहोचतो आणि तेथेच अनर्थ होतो. ‘गाठीला साखर मिळू द्यायची नाही’ म्हणून रुग्णाची साखर, भात, फळे, पोळी सारे बंद केले जाते. आहारातून साखर मिळाली नाही, तरी यकृत रक्तातील ग्लुकोजची पातळी राखतेच. त्यासाठी ते स्नायूंतील प्रथिनेही मोडते. म्हणजे उपाशी राहते ती गाठ नव्हे, तर रुग्ण! वजन घटले की औषधे आणि किरणोपचार सोसण्याची शक्ती जाते आणि उपचार मध्येच थांबवावे लागतात. अतिरिक्त साखरेने लठ्ठपणा वाढतो आणि लठ्ठपणाचा संबंध तेरा प्रकारच्या कर्करोगांशी आढळला आहे, हे खरे. म्हणून निरोगी माणसाने साखर आवरावी. रुग्णाचा आहार मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावा.

आता गोळ्यांकडे वळू. सॅकरीनचा शोध १८७९ चा. १९७० च्या दशकात सॅकरीन दिलेल्या उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या आणि १९७७ साली अमेरिकेत त्यावर बंदीचा प्रस्ताव आला. पुढे उलगडले की, नर उंदराच्या मूत्राच्या विशिष्ट घडणीमुळे त्यात सूक्ष्म स्फटिक तयार होतात व ते मूत्राशयाच्या अस्तराला सतत इजा करतात. माणसात तसे घडत नाही. म्हणून २००० साली अमेरिकेने सॅकरीनला कर्करोगकारकांच्या यादीतून वगळले.

अ‍ॅस्पार्टेमला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जुलै २०२३ मध्ये ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातले. हा गट पुराव्याचे बळ सांगतो, धोक्याचे प्रमाण सांगत नाही. त्याच वेळी तज्ज्ञ समितीने शरीराच्या प्रति किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम ही मर्यादा कायम ठेवली. सत्तर किलो वजनाच्या माणसाला ती ओलांडण्यास बिनसाखरेच्या शीतपेयाचे रोज नऊ ते चौदा डबे प्यावे लागतील. फ्रान्समधील १,०२,८६५ प्रौढांच्या अभ्यासात (२०२२) कृत्रिम गोडवा अधिक घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण सुमारे १३ टक्के अधिक दिसले. परंतु अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही.

सुक्रालोजविषयीचे नवे संशोधन अधिक विचार करायला लावणारे आहे. २०२५ साली अमेरिकेतील पिट्सबर्गच्या संशोधकांनी दाखवले की, उंदरांत सुक्रालोजमुळे आतड्यातील जिवाणू बदलतात, आर्जिनिन हे अमिनो आम्ल घटते आणि गाठीशी लढणाऱ्या टी-पेशी दुबळ्या होतात. इम्युनोथेरपी घेणाऱ्या ज्या रुग्णांच्या आहारात सुक्रालोज अधिक होते, त्यांना उपचाराचा लाभ कमी झालेला आढळला. येथे सुक्रालोज गाठ निर्माण करते असे नव्हे. शरीराच्या रक्षकांचे बळ कमी होते, असा संकेत मिळतो. यावर आणखी संशोधन हवे. तोवर असे उपचार चालू असलेल्यांनी आपण कोणती गोळी किंवा पावडर घेतो, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

आणि बंधूंनो, चहातल्या गोळीची चिंता करताना खिशातल्या पुडीकडे दुर्लक्ष होऊ नये. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. वसंत खानोलकर यांनी तंबाखू आणि मुखकर्करोग यांच्या संबंधाचा पूर्वीच अभ्यास केला. आपल्या विदर्भात खर्रा घरोघरी पोहोचला आहे. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, तिला तंबाखूची सोबत लागत नाही. लहान मुलांच्या हाती येणाऱ्या गोड सुपारीत तर सॅकरीनने तिचा तुरटपणा झाकलेला असतो. येथे घात करते ती सुपारी. गोडवा केवळ तिची वाट सोपी करतो.

आपल्या परंपरेत रसपरित्याग हे बाह्य तप सांगितले आहे. दूध, दही, तूप, तेल, मीठ यांबरोबर गूळ-साखरही त्या त्यागात येते. त्याचा आशय पदार्थ बदलण्याचा नसून आसक्ती कमी करण्याचा आहे. साखर सोडून चार गोळ्या टाकल्या, तर जिभेची ओढ तशीच राहते. जागतिक आरोग्य संघटनेनेही मे २०२३ मध्ये वजन आवरण्यासाठी कृत्रिम गोडव्याचा आधार घेऊ नये असे सुचवले. ती सूचना मधुमेहींसाठी नव्हती. मधुमेही बंधू-भगिनींनी घाबरून पुन्हा साखरेकडे वळू नये. आणि कर्करोगाचे उपचार सुरू असताना उपवास किंवा त्यागाचा नियम घेण्यापूर्वी वैद्यांना विचारावे.

निरोगी असताना गोडाची ओढ कमी करावी, खर्रा-सुपारी आजच सोडावी आणि आजारी माणसाला पोटभर, पौष्टिक जेवू घालावे. तोंडात न भरणारी जखम किंवा अंगावर गाठ दिसल्यास विलंब न लावता तपासणी करून घ्यावी. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे.

जय जिनेंद्र!