हवेची वाट

(ह्यूस्टन येथे मंडळाच्या मे महिन्यातील सभेत दिलेले व्याख्यान)



मे महिना लागला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप हमखास येतो : "एसीत गॅस भरून देणारा कुणी चांगला माणूस आहे का?" हा प्रश्न आपण पुण्या-मुंबईहून सोबत आणलेला आहे. तिथे उन्हाळ्याच्या तोंडावर सर्व्हिसिंगवाला यायचा, बाहेरच्या युनिटला नळी जोडायचा, "साहेब, गॅस कमी आहे" म्हणायचा आणि आपण पैसे देऊन मोकळे व्हायचो. तेव्हा आधी एवढं सांगून टाकतो. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो; घरातली उष्णता उचलतो, बाहेर टाकतो, परत येतो. बसवताना वजन करून भरलेला गॅस दहा-बारा वर्षांनीही तेवढाच असायला हवा. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि ती जागा न शोधता दरवर्षी गॅस भरणारा माणूस तुमचा खिसा आणि बाहेरची हवा दोन्ही खराब करतोय. शिवाय या देशात गॅसला हात लावायचा तर ६०८ क्रमांकाच्या कलमाखालचं प्रमाणपत्र लागतं. घरी करायचा हा उद्योग नव्हे.

पण मला आज गॅसपेक्षा हवेबद्दल बोलायचंय. तिकडचा स्प्लिट एसी ज्या खोलीत असतो ती खोली गार करतो. यंत्र डोळ्यांसमोर, हवा डोळ्यांसमोर. इथे एकच यंत्र अख्खं घर सांभाळतं. ह्यूस्टनच्या घरांना तळघर नसतं, म्हणून ते छपराखालच्या अ‍ॅटिकमध्ये चढवलेलं असतं, आणि तिथून पोराच्या खोलीपर्यंत तीस-चाळीस फुटांचा डक्ट जातो. उन्हाळ्यात दुपारी अ‍ॅटिकमध्ये १३० अंश फॅरनहाइटच्या आसपास तापमान असतं. म्हणजे पंचावन्न-साठ अंशांची हवा आपण भट्टीतून फिरवून आणतो. माझ्या अनुभवात 'एसी नीट चालत नाही' या तक्रारींपैकी बहुतेक तक्रारी यंत्राच्या नसतात. यंत्र ठणठणीत असतं. हवेची वाट अडलेली असते, फाटलेली असते किंवा मुळातच अरुंद असते. आणि आपण मात्र जास्त टनांचं नवं यंत्र घेतो.

या यंत्राचा जन्म काही माणसाला गार वाटावं म्हणून झालेला नाही. १९०२ साली ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, आणि एकावर एक छापायचे रंग जागचे सरकायचे. विलिस कॅरिअर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरनं थंड नळ्यांवरून हवा फिरवली, हवेतलं पाणी त्या नळ्यांवर धरलं आणि छापखान्याची आर्द्रता आटोक्यात आणली. हवा गार झाली हा जोडीला झालेला फायदा. ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्यानं हे कायम ध्यानात ठेवावं, कारण आपलं खरं भांडण उन्हाशी कमी आणि दमटपणाशी जास्त आहे.

आता बघा, विक्रेता येतो, घर किती चौरस फूट आहे विचारतो, पाचशेनं भागतो आणि म्हणतो : दोन हजार चौरस फूट, चार टन. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता. पण पश्चिमेकडे किती काच आहे, अ‍ॅटिकमध्ये इन्सुलेशन किती जाड आहे, घर कितपत हवाबंद आहे, हे त्यानं विचारलंच नाही. हा हिशेब करायची रीतसर पद्धत आहे, तिला 'मॅन्युअल जे' म्हणतात. डक्टसाठी वेगळं 'मॅन्युअल डी' आहे. त्या हिशेबानं त्याच घराला तीन टन पुरेसे ठरू शकतात. आपल्याला वाटतं, असू दे की एक टन जास्त, पाहुणे येतात. पण मोठं यंत्र दहा मिनिटांत खोली ७४ अंशांवर आणून बंद पडतं. सुरुवातीची काही मिनिटं तर कॉइल, म्हणजे यंत्रातल्या थंड नळ्या, नुसती ओली होण्यात जातात. पाणी ठिबकून बाहेर जायला लागेपर्यंत यंत्र थांबलेलं असतं. घर गार आणि ओलसर. पांघरूण चिकट लागतं, बशीत राहिलेला चिवडा बघता बघता सादळतो. मग आपण थर्मोस्टॅट ७० वर नेतो आणि बिल वाढवून घेतो. दहा-पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक घेऊन हॉलमध्ये ठेवा. पन्नास टक्क्यांच्या आसपास असेल तर उत्तम, साठच्या वर सतत राहत असेल तर काहीतरी चुकतंय. आणि थर्मोस्टॅटवरचा फॅन 'ऑन'वर ठेवला असेल तर आज घरी गेल्या गेल्या 'ऑटो'वर करा. कॉम्प्रेसर थांबल्यावर फॅन चालू राहिला तर कॉइलवरचं पाणी वाळून परत घरातच येतं.

उलट बाजूही सांगतो. हिशेबानं बसवलेलं यंत्र साधारण ९५-९७ अंशांचा दिवस धरून निवडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये इथे पारा १०९ ला टेकला होता. अशा दुपारी योग्य मापाचं यंत्र दिवसभर न थांबता चालेल आणि घर कदाचित ७७ वरच राहील. तो बिघाड नव्हे.

बिघाड आहे की नाही हे ओळखायला एक सोपी तपासणी आहे. दही लावताना दूध किती कोमट झालंय बघायला आपल्याकडे जो डिजिटल थर्मामीटर असतो, तोच घ्या. यंत्र पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. जिथून हवा आत ओढली जाते त्या मोठ्या रिटर्न जाळीपाशी तापमान बघा, मग यंत्राच्या सगळ्यात जवळच्या व्हेंटपाशी बघा. फरक सोळा ते बावीस अंशांचा असेल तर यंत्र आपलं काम करतंय; घर फार दमट असेल तर फरक थोडा कमी दिसेल, तेवढं धरून चाला. आता सगळ्यात लांबच्या खोलीतल्या व्हेंटपाशी बघा. तिथली हवा जवळच्या व्हेंटपेक्षा पाच-सहा अंश गरम असेल, तर ती थंडी अ‍ॅटिकमध्ये सांडली. कुठलंही यंत्र आणलंत तरी ती तिथेच सांडणार.

गेल्या उन्हाळ्यात एका ओळखीच्या घरी असाच प्रकार होता. वरची खोली तापायची, आणि दुकानदारानं पाच टनांचं यंत्र सुचवलं होतं. वर चढून टॉर्च मारला. चंदेरी वेष्टनाचा लवचीक डक्ट एका तुळईवरून टाकलेला, पट्ट्यानं इतका आवळलेला की मधे त्याचा गळाच दाबला गेला होता. पुढे तो दोन आधारांच्या मधे झोळीसारखा लोंबत होता; खरं तर दर चार-पाच फुटांवर आधार हवा आणि डक्ट ताणून बसवायला हवा. आणि ज्या पत्र्याच्या कॉलरवर तो चढवला होता तिथली टेप सुकून सुटली होती. हात धरला तर गार हवेचा झोत सरळ छपराकडे चाललेला. हीच ती करड्या कापडाची 'डक्ट टेप'. १९९८ साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी डक्टचे सांधे बंद करायच्या निरनिराळ्या वस्तू उष्णतेत ठेवून तपासल्या, तेव्हा नापास झाली ती हीच. जगात तिचे हजार उपयोग असतील, डक्टला मात्र लावू नये. सांध्यांवर मॅस्टिक लावायचा, ब्रशनं, जाडसर. तो लेप वर्षानुवर्षं टिकतो. त्या घरी डक्टचा एक तुकडा बदलला, सांधे मॅस्टिकनं भरले, आणि जुनंच साडेतीन टनांचं यंत्र पुरलं.

हवा जाते तेवढीच ती परतही यायला हवी, हे आपण विसरतो. टनामागे मिनिटाला साधारण चारशे घनफूट हवा लागते. आपल्यासारख्या दमट जागी साडेतीनशे. म्हणजे तीन टनांना हजार ते बाराशे. एवढी हवा वीस बाय वीस इंचांच्या एकाच फिल्टरमधून ओढायची म्हटली की यंत्राला धाप लागते. त्यात आपण मुलाच्या अ‍ॅलर्जीसाठी दुकानातला सगळ्यात घट्ट विणीचा, एक इंच जाडीचा फिल्टर आणतो. हेतू चांगला, पण हवा कमी झाली की कॉइल गोठते. बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या जाड तांब्याच्या नळीवर बर्फ दिसला तर कूलिंग बंद करा, फक्त फॅन चालू ठेवा आणि काही तास वितळू द्या, खरवडू नका. मग आधी फिल्टर बघा. घट्ट फिल्टर हवाच असेल तर चार इंच जाडीचा बसेल अशी पेटी करून घ्या, किंवा रिटर्नची जाळी मोठी करा. आणि चपलांचं कपाट रिटर्नसमोरून हलवा. आपल्या घरांत हे इतक्या वेळा दिसतं की हसू येतं.

झोपायच्या खोलीचं दार बंद केलं की खोली तापते, ही तक्रारही तीच. आत हवा येते, पण बाहेर जायला वाट नाही. दार बोटभर उघडं ठेवून फटीशी टिश्यूपेपर धरा. तो बाहेरच्या बाजूला फडफडला तर खोलीत हवा कोंडतेय. दाराखालची फट वाढवा किंवा दारावर जाळी करून घ्या. वापरात नसलेल्या खोलीचे व्हेंट बंद केले की वीज वाचते हा समज मात्र सोडून द्या. यंत्र तेवढीच हवा ढकलायला बघतं. मग ती डक्टच्या फटींतून अ‍ॅटिकमध्ये जाते.

पाण्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण छत कोसळतं ते त्यानंच. दमट दिवशी एका घरातून सहज दहा गॅलन पाणी निघतं. ते एका पीव्हीसी पाइपातून जातं. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत तो पाइप बाथरूमच्या सिंकखाली जोडलेला असतो. त्यात शेवाळी चिखल साचला की तुंबतो. म्हणून यंत्राखाली एक परात असते आणि तिचा दुसरा पाइप मुद्दाम एखाद्या खिडकीच्या वर बाहेर काढलेला असतो, तुमच्या नजरेस पडावा म्हणून. त्यातून थेंब पडताना दिसले तर 'एसीचं पाणी आहे' म्हणून सोडून देऊ नका. मुख्य वाट तुंबली आहे. यंत्राजवळ पाइपाला टोपण असतं, त्यातून दर दोन महिन्यांनी कपभर साधं पांढरं व्हिनेगर ओता. परातीत फ्लोट स्विच आहे ना, हेही बघून घ्या. पाणी चढलं की तो यंत्र बंद करतो. एखाद्या सकाळी थर्मोस्टॅटचा पडदाच कोरा दिसला तर पहिल्यांदा बॅटरी, मग ही परात. निम्म्या वेळा उत्तर इथेच असतं.

बाहेरचं युनिट नुसतं गुणगुणतंय आणि पंखा फिरत नाही, असं झालं तर बहुधा कपॅसिटर गेलाय. सोडावॉटरच्या डब्याएवढा असतो तो, आणि गेलेला बरेचदा वरून फुगलेला दिसतो. थर्मोस्टॅट बंद करा, ब्रेकर पाडा आणि माणूस बोलवा. काडीनं पंखा फिरवून देऊ नका, झाकण उघडू नका. वीज बंद केली तरी कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतका भार शिल्लक असतो. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळानं शहर आणि परिसरातल्या वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती. अशा वेळी वीज परत आल्यावर लगेच एसी लावू नका. दाब आणि पुरवठा स्थिरावू द्या.

यंत्र बदलायचंच असेल तर दोन गोष्टी. १ जानेवारी २०२५ पासून आर-४१०ए गॅसवर चालणाऱ्या नव्या घरगुती एसींचं उत्पादन थांबलंय. आता आर-४५४बी आणि आर-३२ हे किंचित ज्वलनशील गॅस आले आहेत. घाबरायचं कारण नाही, पण अर्धं जुनं अर्धं नवं असा जुगाड आता चालत नाही. आणि बसवणाऱ्याला विचारा : तांब्याच्या नळ्या जोडताना आतून नायट्रोजन सोडणार का? व्हॅक्यूम पाचशे मायक्रॉनच्या खाली नेऊन तो टिकतो का बघणार का? टेक्सासच्या परवान्याचा क्रमांक त्याच्या गाडीवर आणि बिलावर असायला हवा. जो अ‍ॅटिकमध्ये न चढताच किंमत सांगतो त्याला चहा पाजून निरोप द्या.

आता गणपती. ऑगस्ट-सप्टेंबर, बाहेर ९५, आणि आरतीला घरात पस्तीस माणसं. बसलेला माणूस शंभराच्या वर वॅट उष्णता सोडतो, त्यात बरीचशी घामाच्या वाफेची. पस्तीस जणांची मिळून एका टनाहून जास्त होते. त्यात समया, वाफेवरचे मोदक आणि दर दोन मिनिटांनी उघडणारं पुढचं दार. त्या एका संध्याकाळसाठी मोठं यंत्र घेऊ नका. दुपारपासूनच थर्मोस्टॅट ७१-७२ वर ठेवा म्हणजे भिंती आणि फरशी गार होतील. मोदक शिजताना बाहेर हवा टाकणारा एक्झॉस्ट लावा. रिटर्नच्या जाळीसमोर पाहुण्यांच्या चपला आणि खुर्च्यांचा ढीग होऊ देऊ नका. सात वाजता सगळे आल्यावर ६५ करून काही उपयोग नाही, यंत्र त्यानं जास्त जोरात चालत नाही. तेवढ्यात कुणी काका उठून ते करतीलच, तर थर्मोस्टॅटला कुलूप घालायची सोय असते, ती आदल्या दिवशी शिकून ठेवा.