प्रकाशाने मोजलेली मात्रा



रक्ताचे वाहते राहणे हे जीवन, तर जखम होताच त्याचे गोठणे हे संरक्षण होय. निरोगी शरीर हा तोल स्वतःच सांभाळते. हृदयविकाराचा झटका, शिरेतील गुठळी, डायलिसिस किंवा हृदयशस्त्रक्रिया अशा प्रसंगी मात्र औषधाचे साहाय्य घ्यावे लागते. त्यांतील प्रमुख औषध म्हणजे हेपॅरिन. लोकभाषेत त्याला रक्त पातळ करणारे औषध म्हणतात; वस्तुतः ते रक्त पातळ करीत नाही, गोठण्याची क्रिया रोखते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९१६ मध्ये जे मॅक्लीन या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून या शोधाचा आरंभ झाला.

या औषधाचे सारे मर्म मात्रेत आहे. ती कमी पडली तर गुठळी होते, अधिक झाली तर रक्तस्राव होतो. शिवाय एकच मात्रा दोन रुग्णांवर सारखा परिणाम करीत नाही. म्हणून वारंवार रक्त तपासावे लागते. प्रचलित एपीटीटी चाचणीत रक्त किती सेकंदांत गोठते ते पाहतात. म्हणजे औषधाचा परिणाम मोजला जातो, प्रत्यक्ष औषध नव्हे. यकृताच्या विकारानेही हा काळ लांबू शकतो. हेपॅरिनची क्रिया अधिक नेमकी सांगणारी अँटी-टेन-ए चाचणी आहे. तीत उपचारासाठी सामान्यतः दर मिलिलिटरला ०.३ ते ०.७ एकक अपेक्षित असते. परंतु तिला सुसज्ज प्रयोगशाळा लागते.

येथेच प्रकाशमान पॉलिमर साहाय्यास येतात. हेपॅरिनचा रेणू ही एक लांब साखळी असून तिच्यावर ऋण विद्युतभार दाटीने असतो. शास्त्रज्ञांनी धन विद्युतभार असलेले, विशिष्ट प्रकाश पडताच चमकणारे पॉलिमर तयार केले. दोघे एकत्र येताच परस्परांना बिलगतात आणि चमकेचा रंग किंवा तेज पालटते. त्या बदलावरून हेपॅरिनचे प्रमाण काढता येते. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात बिन लिऊ व सहकाऱ्यांनी असे पॉलिमर घडवून २००८ मध्ये नुसत्या डोळ्यांना दिसणारा रंगबदल दाखविला.

आपल्या महाराष्ट्रातही हे कार्य झाले आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात पॉलिमरऐवजी एक लहान रंगद्रव्य योजिले. पाण्यात त्याच्या रेणूचे भाग मोकळेपणी फिरतात व प्रकाश जवळजवळ देत नाहीत. हेपॅरिनच्या साखळीवर दाटीने बसताच त्यांचे फिरणे थांबते आणि ते उजळतात.

तथापि प्रयोगशाळेतील यश म्हणजे रुग्णशय्येजवळील यश नव्हे. रक्तात अनेक प्रथिने असतात, तीही या पदार्थांना बिलगू शकतात. त्यामुळे नित्याच्या चाचण्यांची जागा या पद्धतीने अद्याप घेतलेली नाही. ती सिद्ध झाल्यास लाभ मोठा आहे. समुद्रपूरच्या गंभीर रुग्णाला सेवाग्राम गाठावे लागते किंवा जाम चौरस्त्यावरून नागपूर. लहान रुग्णालयातच थेंबभर रक्तावरून मात्रा कळली, तर त्या वाटेवरील कित्येक तास वाचतील.

आणखी एक विषय येथे टाळता येत नाही. आज वापरले जाणारे हेपॅरिन मुख्यतः डुकराच्या आतड्यातून काढले जाते. अहिंसा मानणाऱ्या कुटुंबांना हे ठाऊक असावे. फोंडापॅरिनक्स व वॉरफरिन ही औषधे प्रयोगशाळेत घडविलेली आहेत. परंतु प्रत्येक रुग्णाला आणि प्रत्येक प्रसंगी ती चालतीलच असे नाही. हा प्रश्न डॉक्टरांना आधीच, शांतपणे विचारावा. जीव धोक्यात असताना उपचार अडवू नये. जेथे हेपॅरिन अपरिहार्य असेल, तेथे ते गरजेहून थेंबभरही अधिक वापरले जाऊ नये, हे अचूक मापानेच साधते.

तोपर्यंत एक साधी दक्षता प्रत्येकाच्या हाती आहे. घरात कोणी रक्त गोठू न देणारे औषध घेत असेल, तर औषधाचे नाव, मात्रा व शेवटच्या तपासणीचा दिनांक लिहिलेली चिठ्ठी त्याच्या खिशात असावी. दात काढण्यापूर्वीही ती दाखवावी. डॉक्टरांना विचारल्याविना औषध वाढवू नये आणि बंदही करू नये.