एक दिवस ट्रिस्टन बेटावर

आज आपण बोटीनं फिरायला निघालोय. घरबसल्या ऐका, म्हणजे बोट लागायचीही भीती नाही.

अटलांटिक महासागराच्या दक्षिण भागात ट्रिस्टन डा कून्हा नावाचं ब्रिटनच्या ताब्यातलं बेट आहे. तिथं विमानतळ नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनहून बोटीनं जायला साधारण आठवडा लागतो. जवळची वस्ती म्हणाल तर सेंट हेलेना बेट, तेही २,४०० किलोमीटरवर. ट्रिस्टनवर गाव एकच, आणि माणसं अडीचशेच्याही आत.

वर्षातून मोजक्या वेळा पर्यटकांचं जहाज तिथं येतं. बंदर लहान, म्हणून जहाज लांबच थांबतं आणि माणसं छोट्या होडीतून किनाऱ्याला जातात. समुद्र खवळलेला असला, तर समोर दिसणारं बेट तसंच सोडून जहाज पुढं निघतं. उतरायला मिळालं, तर आधी बूट स्वच्छ करायचे. बुटाला चिकटून परक्या तणाचं बी आलं, तर तिथल्या झाडापाखरांना धोका असतो.

गावात शिरलं, की मागं ज्वालामुखीचा डोंगर दिसतो. उंची २,०६२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जास्त. पाहुणे पोस्टात जाऊन तिकिटं घेतात, बायकांनी विणलेले लोकरी मोजे आणि स्वेटर घेतात. लोकर बेटावरच्याच मेंढ्यांची. पूर्वी मुलगी आपल्या आवडत्या मुलाला पट्ट्यापट्ट्यांचे मोजे विणून द्यायची. जितके पट्टे जास्त, तितका जीव जास्त! जहाजाचा दिवस हा या विणकामाच्या विक्रीचा दिवस. वारा फिरला, की गिऱ्हाईक समुद्रातूनच परत.

गावापासून पाच किलोमीटरवर बटाट्याची शेतं आहेत. दगड रचून केलेल्या बांधांच्या आत लहान लहान तुकडे. जमीन सगळ्या गावाची सामाईक, बाहेरच्याला ती विकत मिळत नाही. कोणत्या घरानं किती गुरं पाळायची, यालाही मर्यादा आहे. एकाच्या गोठ्यात गर्दी आणि दुसऱ्याच्या दावणीला काही नाही, असं होऊ नये म्हणून.

ही रीत जुनी आहे. १८१७ साली ब्रिटिश सैन्य बेटावरून निघून गेलं. विल्यम ग्लास, त्याची बायको मारिया, त्यांची मुलं आणि थोडे सोबती मागं राहिले. त्यांनी कागदावर लिहून ठेवलं, की जे असेल त्यात सगळ्यांचा सारखा वाटा, आणि कुणी कुणापेक्षा मोठा नाही.

१८२७ मध्ये सेंट हेलेनाहून पाच बायका आल्या. तिथल्या एकट्या पुरुषांशी संसार थाटायला, न पाहिलेल्या बेटावर. १८८५ मध्ये जवळून जाणाऱ्या जहाजाशी देवाणघेवाण करायला गेलेली होडी परतलीच नाही. एका दिवसात १५ पुरुष गेले. गावात विधवा आणि लेकरंच जास्त उरली. तरी गाव मोडलं नाही.

१९६१ मध्ये गावाशेजारीच ज्वालामुखी फुटला. सगळ्यांना इंग्लंडला नेलं. तिथं वीज होती, दुकानं होती, पगाराची कामं होती. पण परत जायचं का, असं मत घेतलं तेव्हा १४८ जण ‘हो’ म्हणाले, फक्त ५ ‘नाही’. १९६३ मध्ये बहुतेक मंडळी आपल्या बटाट्याच्या शेतांकडं परतली. आज बेटाच्या कौन्सिलात आठ सदस्य निवडून येतात, त्यात निदान एक तरी बाई असावीच लागते.

जहाजाचा पाहुणा चार घटका फिरतो, मोजे घेतो, फोटो काढतो. त्याच्या फोटोत डोंगर येतो, पण वाट्याचा नियम येत नाही. आणि गाव उभं आहे ते त्या नियमावर.

मैत्रिणींनो, आपल्याकडं गायरान आहे, पाणवठा आहे, गटाची बचत आहे. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: यातलं सामाईक काय, त्याचा नियम कोणता, आणि तो ठरवताना आपण तिथं होतो का?

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.