पगार सोडून सल्लागारी: आधी मांडायचा हिशेब

संगणक क्षेत्रातली नोकरी सोडून स्वतंत्र सल्लागार होताना पहिला प्रश्न उत्पन्नाचा असतो. पगार महिन्याच्या महिन्याला ठरलेला मिळतो. सल्लागाराला मोबदला मिळतो तो प्रत्यक्ष कामाच्या दिवसांचा. महिना दीड लाख म्हणजे वर्षाला 18 लाख रुपये. नवी कामे शोधणे, प्रस्ताव लिहिणे, सुट्ट्या आणि आजारपण वगळून वर्षात 150 दिवसांचेच बिल निघाले, तर तेवढ्याच रकमेसाठी दिवसाचा दर 12,000 रुपये हवा.

यात नोकरीचे इतर लाभ धरलेले नाहीत. भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा हिस्सा, आरोग्य विमा आणि पगारी रजा नोकरीबरोबरच संपतात. कायम कर्मचाऱ्याला राजीनामा देताना ग्रॅच्युइटीसाठी सलग 5 वर्षांची सेवा लागते. ती पूर्ण होत आली असेल, तर थोडे थांबणे हिताचे.

कराची जबाबदारीही अंगावर येते. महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी बंधनकारक होते. सल्लासेवेवरचा दर 18 टक्के आहे.

नेमणुकीचा करारही वाचून घ्यावा. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 27 मुळे, नोकरी सोडल्यानंतर त्याच क्षेत्रात काम न करण्याची अट सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र पाळावीच लागते.

शेवटी शिलकीचा विचार. बिल दिल्यावर पैसे हाती यायला महिना-दोन महिने लागू शकतात. त्यामुळे किमान सहा महिन्यांचा घरखर्च आणि कर्जाचे हप्ते बाजूला ठेवूनच राजीनामा देणे शहाणपणाचे ठरते.