लेकीच्या नावचे पैसे



1913 साली बाबासाहेब बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. सरकारी तिजोरीतून गरिबाचे मूल शिकणे ही भीक नव्हे. महाराष्ट्र शासनाच्या 2023 च्या ‘लेक लाडकी’ योजनेकडे याच दृष्टीने पाहा. शिधापत्रिका पिवळी वा केशरी, उत्पन्न लाखाच्या आत आणि मुलीचा जन्म 1 एप्रिल 2023 रोजी वा त्यानंतरचा असेल, तर जन्मानंतर 5,000, पहिलीत 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि अठरा वर्षे पूर्ण होताच 75,000 रुपये मिळतात. अर्ज अंगणवाडीसेविकेकडे द्यावयाचा.

शाळा सुटली की हप्ता बुडाला. येथे हे मुद्दाम सांगतो. यंत्रमाग बंद पडला की बिऱ्हाड हलते आणि मुलीचे नाव पटावरून जाते. बिऱ्हाड हलवा, पण दाखला काढून तिला लगेच दुसऱ्या शाळेत घाला. शेवटच्या रकमेसाठी ती अविवाहित असावी लागते, ही अट मला फार योग्य वाटते. ते 75,000 लग्नासाठी मनात मांडून ठेवू नका. त्यांवर पहिला हक्क तिच्या महाविद्यालयाचा आहे.

मुलांना व आधी जन्मलेल्या मुलींना यात काहीच नाही, हे उणे खरेच. त्यांच्यासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेवर भरा. अनुसूचित जातीचा दाखला मागतील तेव्हा बिचकू नका. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही तो मिळतो.