एका ताटांतील घास

खानदेशांत हिवाळा लागला कीं सकाळीं दहा-अकराच्या सुमारास शेतावर भरिताची न्याहारी होते. ती धड न्याहारीहि नसते आणि धड दुपारचें जेवणहि नसतें. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर वांगीं भाजावीं, हिरवी मिरची व लसूण घालून लाकडी बडगींत ठेंचावीं आणि केळीच्या पानावर कळण्याच्या भाकरीबरोबर खावीं, हें सुख जळगांव-धुळ्याकडील मंडळींस सांगावयास नको. जळगांवच्या या वांग्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें.

परंतु आज मी जी न्याहारी सांगणार आहें, ती हबशांच्या देशाची, म्हणजे इथिओपियाची. हबशी म्हटलें म्हणजे आपणांस मलिक अंबर आठवतो. गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष निजामशाहीचा सूत्रधार झाला, आणि १६१० सालीं त्यानें खडकी शहर वसविलें. हा धडा मीं वर्गांत कितीक वेळां शिकविला. पण त्याच्या मायभूमींत लोक काय जेवतात, हें कोणी विद्यार्थ्यानें विचारलें असतें, तर मला उत्तर देतां आलें नसतें.

गेल्या वर्षीं आम्ही उभयतां मुलीकडे वॉशिंग्टनला गेलों होतों. १९७४ च्या राज्यक्रांतीनंतर पुष्कळ इथिओपियन कुटुंबें त्या बाजूस येऊन राहिलीं व त्यांच्या खाणावळी निघाल्या. एका रविवारीं अकराच्या सुमारास मुलगी आम्हांस अशाच एका लहानशा खाणावळींत घेऊन गेली. चार-पांच मेजें, कॉफीचे दाणे भाजल्याचा खमंग वास, आणि वाढावयास एक प्रौढ बाई. मीं भीतभीत विचारलें, "शाकाहारी कांहीं मिळेल काय?" बाई हंसली. त्यांच्या धर्मांत बुधवार व शुक्रवार हे उपवासाचे दिवस. त्या दिवशीं मांस, अंडीं व दूध हीं सर्व वर्ज्य. म्हणून तसें ताट तेथें नेहमींच तयार असतें.

ताट आलें, तें तिघांत एकच! तळाशीं इंजेरा नांवाची मोठी, मऊ, जाळीदार, आंबूस पोळी. तिच्यावर मसुरीचें तिखट कालवण, कोबी-बटाटा, पालेभाजी आणि 'शिरो', म्हणजे जवळजवळ आपलें पिठलेंच! टेफ नांवाच्या खसखशीएवढ्या धान्याचें पीठ दोन-तीन दिवस आंबवून ही पोळी मातीच्या तव्यावर, झांकण घालून, एकाच बाजूनें भाजतात. मला आमच्या मांड्यांचें खापर आठवलें. चमचा नाहीं; पोळीचा तुकडा मोडावयाचा व त्यानेंच भाजी उचलावयाची. आपल्या हातानें घास करून दुसऱ्याच्या मुखांत घालण्याचीहि तेथें रीत आहे. तिला गुर्शा म्हणतात. बाईनें खूण करतांच मुलीनें मला घास भरविला. माझ्या डोळ्यांत पाणी आलें. मीं तें मसाल्यावर ढकललें.

त्याच क्षणीं मला आमचा सालदार आठवला. वडिलांच्या वेळेपासून तो आमच्या शेतांत राबला. भरिताचीं वांगीं तोच भाजी, तोच ठेंची. परंतु पंगत बसली म्हणजे आपलें पान घेऊन तो बांधापलीकडे जाई. तेथें बस असें त्यास कोणी म्हणत नसे, आणि येथें बस असेंहि कोणी म्हणत नसे. पस्तीस वर्षें मीं मुलांस समतेचे पाठ दिले, पण बांधापलीकडचें तें पान माझ्या दृष्टीस कधीं पडलें नाहीं. तें परक्या मुलुखांत, एका अनोळखी बाईच्या ताटानें दाखविलें.

परत आल्यावर मार्गशीर्षांत भरीत केलें. म्हातारा आतां थकला आहे, तरी आला. मीं माझ्या शेजारीं पान मांडून त्यास बोलाविलें. तो पुष्कळ वेळ उभाच राहिला. मग बसला, पण घास तोंडाशीं नेईना. शेवटीं हळूच म्हणाला, "गुरुजी, भलता येळ लागना."

त्याचें म्हणणें खरें होतें. मीं उत्तर दिलें नाहीं; माझ्या भाकरीचा अर्धा तुकडा मोडून त्याच्या पानावर ठेविला, आणि आम्ही दोघे जेवूं लागलों.

श्रोतेहो, यंदा आपल्याकडे भरीत होईल, तेव्हां कोणाचें पान कोठें मांडावयाचें, तें ज्याचें त्यानें पहावें.