रन बेट, मॅनहटन आणि गोष्टीतून गळलेली माणसं

आज आपण श्रीखंडात पडणाऱ्या जायफळाच्या मूळ गावी जाणार आहोत.

इंडोनेशियाच्या पूर्वेला, मालुकू प्रांतात बांदा नावाची चिमुकली बेटं आहेत. त्यातलं रन जेमतेम तीन किलोमीटर लांब, रुंदी एक किलोमीटरपेक्षाही कमी. पण अठराव्या शतकापर्यंत जगातलं जवळपास सगळं जायफळ या बेटांवरूनच यायचं. फळ पिकलं की उकलतं, आत लालभडक जायपत्री, आणि तिच्या आत टणक कवचात जायफळ. एका फळात दोन मसाले!

आता इंटरनेटवरची लाडकी गोष्ट. १६६७ मध्ये डचांनी मॅनहटन दिलं आणि रन घेतलं. 'काय येडे होते!' म्हणून आपण हसतो. खरं तर ब्रेडाच्या तहात एवढंच ठरलं, की ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याच्याकडेच राहील. इंग्रजांनी मॅनहटन १६६४ मध्येच घेतलं होतं, आणि रन तेव्हा डचांकडे होतं.

पण मला खटकतं ते वेगळंच. या गोष्टीत बेटावरची माणसंच नाहीत.

बांदाचे लोक मुरलेले व्यापारी होते. बेटांवर धान्य पुरेसं पिकत नसे, म्हणून जायफळ देऊन तांदूळ, साबुदाणा, कापड घ्यायचं. त्यामुळे 'माल फक्त आम्हालाच विका' ही डच कंपनीची अट त्यांना झेपणारी नव्हती. १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरसून कून फौज घेऊन आला. बेटांवर अंदाजे १५,००० लोक होते. बहुतेक मारले गेले, उपाशी मेले, गुलाम झाले किंवा पळाले. मागे उरले हजारभर. मग फळं तोडायला कंपनीने बाहेरून गुलाम आणले. आजचे बांदावासी बरेचसे अशा नंतर आलेल्यांचे वंशज आहेत.

आणि मूळ बांदा भाषा? ती बांदावर नाही, तर दूरच्या केई बेटांवर ऐकू येते. पळून गेलेल्यांनी तिथे गावं वसवली. त्यातल्या एकाचं नाव बांदा एली. चारशे वर्षं झाली, गावाच्या नावात अजून घर आहे.

म्हणजे तह झाला तेव्हा या माणसांचं घर जाऊन ४६ वर्षं उलटली होती. सौदा कुणाला महागात पडला, हे मोजताना आधी त्यांना मोजूया.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!